पिकअपचं नाक आणि समोरच्याचे डोळे

मंडळी, आज पाणीपट्टीवर लिहीत नाही, नगरपरिषदेवर नाही, कोण कुठल्या पक्षात गेलं त्यावरही नाही. आजचा विषय आहे गाडीची पुढची स्प्रिंग. हसू नका. शेवटपर्यंत वाचा, मग बोला.

गेल्या पावसाळ्यातली शनिवारची संध्याकाळ. बातमीचं काम आटपून सहारा पुलाकडून भुशीकडं मोटरसायकलवर येत होतो. धुकं एवढं, की पुढच्या गाडीचा लाल दिवा तेवढा दिसायचा. रस्त्याच्या कडेनं एक मावशी कणसांची हातगाडी ढकलत घरी निघालेल्या. तेवढ्यात समोरून दोन पांढरे दिवे आले आणि पुढचे तीन-चार सेकंद मला काही म्हणजे काहीच दिसेना. ब्रेक दाबला, मागचं चाक सरकलं, आणि हातगाडीच्या चाकाला हँडल घासून थांबलो. गुडघा सोलवटला, दहा-वीस कणसं चिखलात गेली. एवढ्यावर निभावलं. मावशी माझ्यावरच डाफरल्या, "डोळे फुटले का रे तुझे?" खरं सांगायचं तर त्या क्षणी फुटल्यासारखेच होते.

पुढची गोष्ट महत्त्वाची आहे. ती गाडी थांबली. चार दरवाज्यांची मोठी पिकअप, मागं हौदा, टायर जाड. चालवणारा पंचविशीतला पोरगा उतरून पळत आला. त्यानं मावशींना कणसांचे पैसे दिले, मला उठवलं. मी चिडलेलो होतो. म्हणलं, "अरे, अप्पर बंद करायला काय होतं तुला?" तो म्हणाला, "काका, डिपरच आहे. बघा ना." मी लंगडत जाऊन बघितलं. खरंच डिपर होता. अप्पर लावलाच नव्हता.

म्हणजे पोरगा बेफिकीर नव्हता, दारू प्यायलेला नव्हता, वेगातही नव्हता. नियमाप्रमाणे डिपरवर चालला होता. तरी त्याचा उजेड सरळ माझ्या डोळ्यांत. का? तर गाडी पुढून दोन इंच उचललेली होती. "लेव्हल करून घेतली काका, पुढं झुकलेली वाईट दिसायची," हे त्याचंच वाक्य.

हे मी तिथंच सोडून दिलं असतं. पण महिन्याभरानं माझा भाचा घरी आला. त्यानं जुनी डबल-कॅब पिकअप घेतलीय, कर्ज काढून. चहा पिता पिता म्हणतो, "मामा, गाडी झकास आहे, फक्त पुढून खाली वाटते. नव्या स्प्रिंगा टाकून दीड-दोन इंच उचलतो, मागच्या लेव्हलला आणतो."

मग मात्र मी हा विषय धरला. जुन्या हायवेवरच्या आमच्या मिस्त्रीकडं दोन दुपारी बसलो, कायदा वाचला, भाच्याच्या गाडीवर एक प्रयोग केला. जे कळलं ते मांडतो.

पहिली गोष्ट. पिकअप पुढून खाली असते, तो दोष नाही. तिचा मागचा भाग ओझ्यासाठी बनवलेला असतो. हौदा रिकामा असताना मागचे पाटे ताठ असतात, म्हणून शेपूट वर आणि नाक खाली. हौद्यात माल पडला की पाटे दबतात, शेपूट खाली येतं आणि गाडी सपाट होते. ती पुढं झुकलेली दिसते ते ओझ्यासाठी राखलेल्या जागेमुळं. बैलगाडी रिकामी असताना जू कसं पडलंय आणि भरल्यावर कसं बसतं, हे आपल्या आज्याला कळत होतं. आपण मात्र रिकाम्या गाडीचा फोटो चांगला यावा म्हणून ती राखलेली जागा खाऊन टाकतो.

दुसरी गोष्ट, ही उचल होते कशी. इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्ससारख्या गाड्यांना मागं पाटे आणि पुढं दोन्ही चाकांना वेगवेगळी गोल स्प्रिंग असते. नाक वर करायचे दोन रस्ते. एक, स्प्रिंग-शॉकअपच्या डोक्यावर जाड चकती बसवायची, तिला स्पेसर म्हणतात. दुसरा, मूळ स्प्रिंग काढून लांब किंवा जास्त ताठ स्प्रिंग टाकायची. स्प्रिंग चाकापासून आत, खालच्या आर्मवर बसलेली असते. त्यामुळं वर एक इंचाची चकती टाकली की चाकापाशी गाडी जवळपास दुप्पट उचलली जाते. हे न समजता चकत्या रचणारे गॅरेजवाले आहेत.

उचलल्यावर बाकीचं सगळं हलतं. खालचा आर्म जास्त तिरका होतो. बॉल जॉइंटवर ताण येतो. फोर बाय फोर असेल तर पुढच्या चाकांना फिरवणारे शाफ्ट तिरके चालतात, त्यांचे रबरी बूट लवकर फाटतात. चाकांचे कोन बदलतात. अलाइनमेंट केली नाही तर टायर एका बाजूनं झिजतात आणि स्टेअरिंग सरळ राहत नाही. आणखी एक. खड्ड्यात चाक खाली जायला जी जागा लागते ती कमी होते, म्हणून गाडी खड्ड्यात ठण्णकन वाजते. मिस्त्री म्हणाला, "साहेब, लोक उंच करायला एकदा येतात आणि आवाज काढायला चारदा येतात." त्याचा धंदा चालतो, त्याची तक्रार नाही.

काही जण म्हणतील, आमच्याकडचे रस्ते बघा, खड्डे बघा, गाडी उंच नको का? मुद्दा रास्त आहे. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस झेलणारे आपले रस्ते, त्यांच्यावर मी आयुष्यभर बातम्या केल्यात. पण नीट बघा. या पिकअपचा सगळ्यात खालचा भाग म्हणजे मागच्या एक्सलच्या मधला तो लोखंडी गोळा, डिफरन्शियल. तो स्प्रिंगवर नसतो, चाकांबरोबर असतो. पुढच्या स्प्रिंगा बदलून तो एक दोराही वर येत नाही. पुढचा बंपर चढाला घासायचा थोडा कमी होतो, हा फायदा आहेच. ज्यानं पुढं लोखंडी बंपर आणि विंच बसवलाय, त्या वजनानं नाक खरंच दबलंय, त्याला ताठ स्प्रिंग लागते हेही मान्य. पण आपल्याकडं शनिवार-रविवारी लायन्स पॉइंटला भजी खायला येणाऱ्या किती गाड्यांना विंच आहे?

आता मूळ मुद्द्यावर येतो. उजेड.

डिपरचा उजेड सरळ समोर जात नाही. तो मुद्दाम थोडा खाली झुकवलेला असतो. साधारण हिशोब असा, की दहा मीटरवर दहा सेंटिमीटर खाली, म्हणजे शंभराला एक. दिवा जमिनीपासून ९५ सेंटिमीटर उंच असेल, तर ५० मीटरवर उजेडाची वरची कड पंचेचाळीसवर, म्हणजे गुडघ्याशी असते. समोरच्याला रस्ता दिसतो, त्याचे डोळे वाचतात.

आता नाक दोन इंच, म्हणजे पाच सेंटिमीटर उचला. या पिकअपच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर तीन मीटरच्या थोडं पुढं असतं. म्हणजे अख्खी गाडी शंभराला सव्वा-दीडपेक्षा जास्तच, जवळपास १.६ नं मागं कलते. दिवा गाडीला पक्का, तोही तेवढाच वर बघतो. एक खाली होता, तो आता अर्ध्याहून जास्त वर झाला. त्याच ५० मीटरवर ती कड आता १३० सेंटिमीटरवर जाते. छोट्या कारमध्ये बसलेल्या माणसाचे डोळे तेवढ्यात येतात. शाळेतल्या पोराचं तोंडही तेवढ्यातच येतं. गुडघ्यावरचा उजेड डोळ्यांवर आला, आणि चालवणारा म्हणतोय डिपरच आहे. खोटं बोलत नाही तो.

शिवाय हे गाडी रिकामी असताना. हौद्यात तंबू, सिलिंडर, चार मित्रांचं सामान पडलं की शेपूट खाली आणि नाक आणखी वर. कंपनीनं ओझ्यासाठी राखलेली जागा आधीच संपवलेली असते ना.

भाच्याला हा हिशोब पटेना. म्हणून प्रयोग केला, तुम्हीही करू शकता. सपाट जागेवर भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी केली, डिपर लावला, भिंतीवर उजेडाची वरची कड जिथं पडली तिथं खडूनं रेघ मारली. मग पुढची दोन्ही चाकं दोन इंच जाडीच्या फळ्यांवर चढवली. पुन्हा रेघ मारली. दोन रेघांत वीतभर अंतर. दहा मीटरवर वीतभर! भाचा बघतच राहिला. मग फळ्यांवरच ठेवून हौद्यात इंद्रायणी तांदळाची पोती टाकली. रेघ आणखी वर सरकली. स्प्रिंगांचा खर्च शून्य, दोन फळ्यांत उत्तर मिळालं.

"मग मामा, हेडलाइटचा स्क्रू फिरवून खाली करता येतो की," भाचा म्हणाला. येतो. तेच तर म्हणतोय मी. बहुतेक नव्या गाड्यांत डॅशबोर्डवर उजेड खाली-वर करायचं छोटं चाकही असतं, ओझं असेल तेव्हा फिरवायला. पण मी मिस्त्रीला विचारलं, उंच केलेल्या किती गाड्यांचा उजेड पुन्हा लावून घेतात? तो नुसता हसला.

आता थोडं आपल्या लोकांबद्दल. नाहीतर म्हणाल, पत्रकार फक्त मुंबई-पुण्याच्या पोरांवर घसरतो.

आपल्या मावळातल्या पिकअप बघा. पवनेकडच्या पॉलिहाऊसमधली गुलाबं, भाजी, भाताची पोती, बांधकामाची खडी. यातल्या कितीतरी गाड्यांना मागं एक-दोन पाटे जास्तीचे टाकलेले आहेत. का, तर दीड टनाच्या गाडीत अडीच टन बसावं म्हणून. त्यामागं हौस नाही, पोट आहे, मला कळतं. एका खेपेत दोन खेपांचं भाडं सुटलं तरच हप्ता निघतो. पण पाटा वाढवला म्हणून ब्रेक वाढत नाही, चॅसी वाढत नाही, टायर वाढत नाही.

उलट एक गोष्ट मलाही माहीत नव्हती, मिस्त्रीनं दाखवली. बऱ्याच पिकअपना मागच्या एक्सलजवळ एक व्हॉल्व्ह असतो. हौदा किती दबलाय ते बघून तो मागच्या चाकांना ब्रेक किती द्यायचा ते ठरवतो. रिकामी असेल तर कमी, भरली असेल तर जास्त. पाटे वाढवले की माल भरूनही हौदा दबत नाही. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामीच आहे, तो मागचा ब्रेक कमी देतो. म्हणजे ज्या गाडीला सगळ्यात जास्त ब्रेक हवा, तिलाच कमी मिळतो. आता ही गाडी खंडाळ्याहून खोपोलीकडं घाट उतरतेय असं डोळ्यांसमोर आणा.

तेव्हा हौसेनं पुढची स्प्रिंग वाढवा की गरजेनं मागचा पाटा, गाडीचा तोल बिघडतोच. फरक एवढाच, की एकाची शिक्षा समोरच्याच्या डोळ्यांना आणि दुसऱ्याची समोरच्याच्या जिवाला.

आणि आणखी एक फरक आहे. अडवतात कोणाला?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की नोंदणीच्या कागदावरचा तपशील कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकानं गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळच्या एका प्रकरणात हेच कलम कडक वाचलं, चाचणी होऊन मंजूर झालेल्या मूळ रचनेत मालकाला फेरफार करता येणार नाही असं सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२-अ आलं. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागं पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. जास्तीच्या वजनाला वेगळं कलम १९४ आहे. वीस हजार रुपये, शिवाय वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार.

कायदा दोघांना आहे. पण नाक्यावर उभं राहून बघा. भाजीची पिकअप बाजूला घेतली जाते. ड्रायव्हर खाली उतरतो, हात जोडतो, कागद काढतो, फोन लावतो. त्याच वेळी तीस-चाळीस लाखांची, नाक वर केलेली, छतावर चार जादा दिवे लावलेली गाडी शेजारून निघून जाते. कधी कधी तिच्याबरोबर फोटोही काढले जातात. मी कोणा एका खात्याकडं किंवा माणसाकडं बोट दाखवत नाही. मी पद्धत सांगतोय. आपल्याला डोळ्यांना घाणेरडी दिसते ती गाडी धोकादायक वाटते, आणि देखणी दिसते ती सुरक्षित वाटते.

आपण भुशीकर एक गोष्ट जवळून बघितलीय. ३० जून २०२४, रविवार. धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर पाण्यात कोणी कुठं उतरायचं यावर आदेश निघाले, फलक लागले, बंदोबस्त वाढला. व्हायलाच हवं होतं, आधीच व्हायला हवं होतं. पण पाण्याकडं जाणारा हा अरुंद रस्ता, त्यावरचं धुकं, कडेनं चालणारे लोक, हातगाड्या, यांच्यासाठी आपण कोणाचा जीव जायची वाट बघतोय का?

"हे काय मोजता येतं का?" असं एका ओळखीच्या कार्यकर्त्यानं मला विचारलं. येतं. अमेरिकेत उत्तर कॅरोलिना नावाचं राज्य आहे. तिथं पोरांमध्ये पिकअपचं नाक आकाशाकडं करायची फॅशन आली होती. १ डिसेंबर २०२१ पासून तिथं साधा नियम लागू झाला. बदल करून पुढचा मडगार्ड मागच्यापेक्षा चार इंच किंवा जास्त उंच केला असेल तर ती गाडी रस्त्यावर चालणार नाही. लागतं काय, तर एक मोजपट्टी. त्यांचे आकडे आपण उचलावेत असं नाही. मोजायची पद्धत तरी उचलूया.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत.

एक. पावसाळ्यात शनिवार-रविवारी लोणावळ्यात बंदोबस्त असतोच. त्यातल्या एका ठिकाणी उजेड तपासायचा फलक ठेवा. गाडी ठरलेल्या रेघेवर उभी करा, डिपर लावा, कड रेघेच्या वर गेली तर पुढं सोडण्याआधी दिवा खाली करून घ्या. स्क्रू फिरवायला पाच मिनिटं लागतात. दंड नंतर. भाजीची पिकअप असो की चाळीस लाखांची, तपासणी एकच.

दोन. मालवाहू पिकअपना फिटनेस तपासणी आहेच. त्यात जादा पाटे आणि तो ब्रेकचा व्हॉल्व्ह खरंच खाली वाकून बघा. नुसता शिक्का नको.

तीन. परिवहन खात्यानं स्पष्ट सांगावं, कुठली स्प्रिंग चालेल आणि कुठली नाही. गाड्या तपासणारी एआरएआयसारखी संस्था आपल्याच पुण्यात, वेताळ टेकडीवर आहे. तिथं तपासून मंजूर झालेला सुटा भाग असेल तर बसवू द्या, कागदावर नोंदवू द्या. आज होतं काय, सगळं अर्धवट अंधारात चालतं. गॅरेजवाला बिलावर "सर्व्हिसिंग" लिहितो, मालक विमा कंपनीला सांगत नाही, आणि अपघात झाला की दावा अडकतो. मग सगळे एकमेकांकडं बघत बसतात.

चार. ही मागणी तुमच्या-माझ्याकडं. स्प्रिंगला, पाट्याला, टायरच्या मापाला हात लावला, तर त्याच दिवशी अलाइनमेंट आणि हेडलाइट दोन्ही लावून घ्या. मिस्त्री विसरला तर आपण आठवण करायची.

भाच्याचं काय झालं, विचाराल. त्यानं अजून स्प्रिंगा टाकलेल्या नाहीत. "टाकणार नाही" असंही म्हणाला नाही. गाडी त्याची, हप्ते त्याचे, मी मामा आहे, आरटीओ नाही. पण परवा रात्री तो दोन मित्रांना घेऊन आला. त्यातल्या एकाची गाडी आधीच उचललेली. तिघांनी मिळून माझ्या घरासमोरच्या भिंतीवर पुन्हा रेघा मारल्या, आणि त्या पोरानं तिथंच पान्हा मागून घेऊन दिवे खाली केले. भिंतीवर खडूच्या पाच रेघा आहेत आता. बायको म्हणते पुसून टाका. म्हणलं, पावसाळा येईपर्यंत राहू दे, अजून पोरं येतील.

तुमच्याकडं पिकअप असेल, जीप असेल, उचललेली असो वा नसो, आज रात्री दहा मीटर मोजा आणि भिंतीवर एक रेघ मारून बघा. कड दिव्याच्या उंचीपेक्षा वर दिसली तर उद्या सकाळी मिस्त्रीकडं जा. आणि सहारा पुलाच्या रस्त्यावर त्या कणसवाल्या मावशी दिसल्या तर दोन कणसं घ्या त्यांच्याकडून. माझ्यावर अजून राग आहे त्यांचा.

पटलं तर पुढं पाठवा. नाही पटलं तर का नाही ते लिहा, मी उत्तर देईन.